फिक्या व्हेनियरचा जुना क्यू: ठाण्याच्या बाजारातली चार पॉलिशं आणि वागळेतला लेथ

पूल खेळायच्या जुन्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, फोरआर्मवरचे (पकडीच्या पुढच्या भागावरचे) निळे-हिरवे व्हेनियर, म्हणजे रंगवलेल्या पातळ लाकडाचे पट्टे, मातकट झाले की क्यूवाला पॉलिशच्या दुकानात जातो आणि दुकानदार काउंटरवर जे असेल ते त्याच्या हातात देतो. ठाणे स्टेशनच्या आसपासची हार्डवेअरची दुकानं असोत की वाशी-तुर्भ्याकडची, लाकडासाठी पारदर्शक म्हणून चारच गोष्टी हमखास मिळतात: चपडा (लाखेचं पॉलिश), एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, मेलामाइन आणि टू-पॅक पीयू (हार्डनर मिसळायचं पॉलियुरेथेन). सुपरग्लू तर पानपट्टीवरही मिळतो. हा रिव्ह्यू याच मालाचा आहे, पण फर्निचरसाठी नाही, क्यूसाठी. दारावर झकास दिसणारं पॉलिश २१ मिमी जाडीच्या गोल लाकडावर, चार-पाच रंगीत पट्ट्यांच्या शेजारी, वेगळंच वागतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. खेळायच्या क्यूला खाली मेण काढलेला फिका चपडा आणि वर न पिवळणाऱ्या अ‍ॅक्रेलिक पीयूचे पातळ हात. क्यू एखाद्या नावाजलेल्या मेकरचा निघण्याची शक्यता असेल तर यातलं काहीच लावू नका, साफ करून मेण चढवा आणि ठेवून द्या. एनसी फक्त जुन्या एनसीवर जोड द्यायला. मेलामाइन नकोच.

पण डबा उघडण्याआधी हातात काय आहे ते कळलं पाहिजे. आपल्याकडे जुने म्हणून फिरणारे क्यू मुख्यतः दोन घराण्यांतले. एक इंग्लिश: अ‍ॅश लाकडाचा शाफ्ट (पुढचा निमुळता भाग), एबनीचा बट (मागचा जाड भाग), बटावर बॅज. बरोज अँड वॉट्स, रायली, थर्स्टन, पेराडॉन ही नावं जुन्या क्लबांच्या रॅकवर दिसतात. दुसरं अमेरिकन: मेपलचा शाफ्ट, १३ मिमीच्या आसपास टिप (चेंडूला लागणारं टोक), लिननचा रॅप (पकडीवर गुंडाळलेला दोरा) आणि फोरआर्मवर टोकदार पॉइंट (लाकडात बसवलेले सुळके). इंग्लिश क्यूत हाताने स्प्लाइस केलेले (एका लाकडात दुसरं बसवून जोडलेले) पॉइंट वर गोलसर, ज्योतीसारखे संपतात. मशीन स्प्लाइसचे सुईसारखे टोकदार असतात. अमेरिकन क्यूत दोन प्रकार बघायचे. फुल स्प्लाइसमध्ये बटाचं लाकूड आणि पुढचं लाकूड एकमेकांत बोटं गुंफल्यासारखे बसतात, त्यामुळे पॉइंटचं लाकूडच खाली रॅपखालून शेवटपर्यंत जातं. शॉर्ट स्प्लाइसमध्ये फोरआर्मला व्ही आकाराच्या खाचा पाडून त्यात पॉइंट बसवलेले असतात आणि हँडल वेगळं.

ब्रन्सविकचा टायटलिस्ट हा फुल स्प्लाइसचा, व्हेनियर असलेला, वनपीस (एकसंध) हाउस क्यू, म्हणजे क्लबात सगळ्यांसाठी ठेवलेला. तो मधोमध कापून टू-पीस करायची पद्धत अमेरिकेत जुनी आहे. ब्रुकलिनच्या जॉर्ज बालाबुष्काने १९५९ पासून क्यू बनवले तेही सुरुवातीला टायटलिस्टच्या ब्लँकवरच (अर्धवट तयार लाकडावरच). पुढे बर्टन स्पेन आणि गस झांबोटी या कारागिरांचे ब्लँक त्याच्याकडे आले. बालाबुष्का १९७५ मध्ये गेला, आणि नंतर त्याचं नाव परवान्याने छापलेले कारखानी क्यूही बाजारात आले. म्हणून फोरआर्मवर नाव दिसलं की लगेच किंमत चढवू नका. नावापेक्षा क्यूचे दोन तुकडे जोडणारी आट्यांची पिन जास्त बोलते. ५/१६-१४, ५/१६-१८, ३/८-१० हे जुने आटे (आधी इंचातली जाडी, मग इंचातले आटे). रेडियल पिन अलीकडची. साठच्या दशकातला म्हणून विकायला आलेल्या क्यूत ती दिसली, तर एक तर पिन बदललेली आहे, नाहीतर वर्ष खोटं आहे.

आणि मुळात व्हेनियर खरं आहे का? दहापट भिंग घ्या. खऱ्या व्हेनियरमध्ये लाकडाची रेष दिसते, दोन रंगांच्या मध्ये सरसाची केसाएवढी काळी रेघ दिसते, आणि पॉइंटच्या टोकाशी दोन्ही बाजूंचे पट्टे एका कोनात भेटतात. ती भेट चारही पॉइंटवर हुबेहूब सारखी कधीच नसते. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर तो छापील डिकॅल. पॉलिश पेपरच्या चार हातांत तो पुसला जाईल आणि खाली साधं लाकूड उघडं पडेल. ‘व्हिंटेज’ म्हणून दाखवलेल्या क्यूत हे निघणं अजिबात दुर्मीळ नाही, त्यामुळे भिंग खिशात ठेवूनच सौदा करा.

एक कायद्याची गोष्ट. जुन्या क्यूत फेरूल (टिपखालची टोपी) किंवा बटाची चकती हस्तिदंती असू शकते. टिप काढल्यावर फेरूलच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसल्या तर तो हस्तिदंत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. ‘जुना आहे, चालतं’ असं विकणारा सांगेल. चालत नाही.

आता फिकेपणाकडे. रंग गेलाय असं वाटणाऱ्या बऱ्याच क्यूंत रंग जागेवरच असतो, वरचं लॅकर पिवळं पडलेलं असतं. पिवळ्या थराखाली निळा हिरवट दिसतो, पांढरा मेपल चहाच्या रंगाचा होतो, हिरवा शेवाळी. खरोखर उडालेल्या रंगाची लक्षणं वेगळी: लाल साल्मन गुलाबीकडे जातो, निळा राखाडी होतो, आणि क्यू भिंतीवरच्या रॅकमध्ये उभा असेल तर खिडकीकडच्या एकाच बाजूचे पॉइंट जास्त गेलेले असतात. क्यू फिरवून चारही बाजू शेजारी शेजारी बघितल्या की दोन मिनिटांत कळतं.

खात्री रॅपखाली होते. शॉर्ट स्प्लाइसच्या बऱ्याच क्यूंत व्हेनियर रॅपच्या खाली थोडे शिरलेले असतात. लिनन जीर्ण असेल आणि नाहीतरी बदलायचं असेल तर ते आधी उलगडा. खाली जो पट्टा दिसतो त्यावर पन्नास वर्षांत ऊन पडलेलं नसतं. तोच मूळ रंग. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून त्याचा फोटो काढा, कारण पुढे रंग जुळवताना हाच एकमेव पुरावा राहतो. इंटरनेटवरच्या फोटोंवरून रंग जुळवणारे लोक जवळजवळ नेहमीच जास्त भडक करतात.

वरचं पॉलिश कुठलं आहे ते ओळखायला बंपर (बटाच्या तळाचं रबर) काढून बटाच्या टोकाशी चाचणी घ्या. कानकाडीवर स्पिरिट घेऊन दहा सेकंद टेकवा. चिकट झालं तर चपडा. नाही झालं तर एनसी थिनर. त्याने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर पीयू किंवा इपॉक्सी, म्हणजे मूळचं जुनं फिनिश बहुधा राहिलेलं नाही. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात मारून बघा, चपडा नारिंगी चमकतो.

हीच कानकाडी व्हेनियरवर फिरवायची घाई मात्र करू नका. जुने रंग पुष्कळदा स्पिरिटमध्ये विरघळणारे असतात. स्पिरिटचा बोळा लाल व्हेनियरवरून शेजारच्या मेपलवर गेला की मेपल गुलाबी होतो, आणि तो रंग लाकडाच्या छिद्रांत उतरल्यावर बाहेर येत नाही. क्यू बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हे. म्हणून पहिली सफाई नेहमी मिनरल टर्पेंटाइनने. मळ, मेण, हाताचं तेल निघतं, चपडा आणि लॅकर दोन्ही शाबूत राहतात, रंग सहसा हलत नाही. कधीकधी एवढ्यावरच निम्मं काम होतं.

जुनं पिवळं लॅकर काढायचं तर खरवडून काढा. नवं ब्लेड जवळजवळ उभं धरून, रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने. जुने सुतार फुटक्या काचेच्या धारेने करत, तेही चालतं. आधी तपकिरी भुगा पडतो. तो थांबून रंगीत कण दिसायला लागले, म्हणजे भुग्यात निळसर किंवा लालसर झाक आली, की हात थांबवायचा. व्हेनियर आरपार रंगवलेलं असेल तर उन्हाने उडालेला थर अगदी पातळ असतो. त्याच्याखाली चांगला रंग मिळतो आणि पुढचं काही करावंच लागत नाही.

पॉलिश पेपरने हेच करायला गेलं की मोह आवरत नाही, आणि इथे भूमिती आडवी येते. व्ही खाच पॉइंटच्या टोकाशी शून्य खोल असते आणि साधारण २८० मिमी अंतरात ८-९ मिमी खोल जाते. म्हणजे चढ ३० ला १ च्या आसपास. त्रिज्येतून ०.१ मिमी लाकूड गेलं की पॉइंट सुमारे ३ मिमीने आखूड होतो. एका बाजूला जास्त घासलं गेलं तर चार पॉइंट चार उंचीचे दिसतात, आणि जाणकार गिऱ्हाईक पहिली नजर तिथेच टाकतं. शिवाय जॉइंटच्या, म्हणजे दोन तुकड्यांच्या जोडाच्या, कॉलरशी (कड्याशी) लाकूड खाली बसून बोटाला कड लागते. घासण्याआधी कॉलरपासून दर ५० मिमीवर व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजून लिहून ठेवा. सुरुवात ६०० नंबरने. १२० आणि १८० दुकानातच राहू द्या.

आता मालाकडे.

चपडा. भारतातला माल, स्वस्त, आणि रांचीत लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे म्हटल्यावर निवड सोपी वाटते. पण सुट्या वजनावर मिळणारा नेहमीचा चपडा नारिंगी असतो आणि त्यात ३ ते ५ टक्के मेण असतं. नारिंगी झाक निळ्या व्हेनियरला पुन्हा हिरवट करते, म्हणजे खरवडण्याची मेहनत पाण्यात. मेणामुळे वर पीयू धरत नाही आणि वर्षभरात सालीसारखा सुटतो. त्यामुळे दुकानात ‘ब्लीच केलेला, मेण काढलेला’ असंच मागा. तो नसेल तर सगळ्यात फिका चपडा घ्या. काचेच्या बरणीत १०० मिली स्पिरिटला २४ ग्रॅम टाका, रोज दोनदा हलवा, विरघळला की दोन-तीन दिवस हात न लावता ठेवा. मेण तळाशी ढगासारखं बसतं. वरचा नितळ भाग इंजेक्शनच्या सिरिंजने ओढून घ्या. सीलर (पॉलिशखालचा पहिला थर) म्हणून वापरताना त्यात तेवढंच स्पिरिट घालून पातळ करा. बरणीवर तारीख लिहा, सहा महिन्यांनंतर तो नीट कडक होत नाही.

चपड्याचा मोठा गुण म्हणजे तो परत काढता येतो. दोष: घाम, स्पिरिट, उष्णता. एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेल्या क्यूवर केसच्या अस्तराची छाप उमटते. तरी फोरआर्मला हात फारसा लागत नाही, पकड रॅपवर असते, त्यामुळे शोभेच्या किंवा कधीमधी खेळायच्या क्यूला नुसता चपडाही पुरतो. ब्रशने लावू नका, मलमलीच्या बोळ्याने लावा. आणि खाली स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग असेल तर पहिले दोन हात फवारूनच द्या, नाहीतर बोळाच रंग ओढत नेईल.

एनसी लॅकर. नवा हात जुन्या लॅकरमध्ये वितळून एक होतो, जोड दिसत नाही. जुन्या लॅकरच्या क्यूवर नखाएवढा टवका उडाला असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. पूर्ण क्यूला मात्र नको. काही वर्षांत पुन्हा पिवळं पडतं, म्हणजे जो आजार घेऊन आलात तोच परत. पावसाळ्यात वर पांढरी धुकट साय येते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. रिटार्डर (सावकाश उडणारं) थिनर घातलं तर कमी होतं, पण ठाण्यात जुलै-ऑगस्टला लॅकर न मारणं हाच खरा उपाय.

मेलामाइन. पॉलिशवाल्यांचं लाडकं, पटकन भरतं, चमक दांडगी. पण ते आम्लाच्या कॅटलिस्टवर कडक होतं. जुन्या अ‍ॅनिलीन रंगांतले काही आम्लात छटा बदलतात आणि कुठला बदलेल ते लावल्यावरच कळतं. कडक होताना फॉर्माल्डिहाइड सुटतं, फ्लॅटच्या बाल्कनीत डोळे चुरचुरतात. शिवाय एकदा बसलं की काढायचा मार्ग घासण्याचाच, म्हणजे पुन्हा पॉइंट आखूड. टेबलाच्या पायांना जरूर लावा.

टू-पॅक पीयू. इथे डब्यावरची एक ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका: ‘नॉन-यलोइंग’ किंवा अ‍ॅक्रेलिक. साधा पीयूही पारदर्शकच दिसतो, पण उन्हात पिवळतो. मिश्रणाचं प्रमाण कंपनीगणिक बदलतं. डब्यावर असेल तेच, आणि अंदाजाने नाही, १० मिलीच्या दोन वेगळ्या सिरिंजनी. हार्डनर जास्त घातला म्हणून थर लवकर वाळतो असं नाही, उलट ठिसूळ होतो.

या मालाची खरी तक्रार पॅकच्या आकाराची. हिशेब करून बघा: पूर्ण बटाचं क्षेत्रफळ जेमतेम ०.०६ चौरस मीटर. वाळून ७० मायक्रॉनचा थर हवा असेल तर फवारणीची नासाडी धरूनही ३० मिली मिश्रण सगळ्या हातांना मिळून पुरतं. दुकानातला सगळ्यात लहान पॅकही याच्या कैक पट. उघडलेला हार्डनर हवेतली ओल खाऊन गोठतो, म्हणजे उरलेला माल पुढच्या क्यूपर्यंत टिकत नाही. दोघातिघांनी मिळून घेणं आणि एकाच रविवारी सगळे क्यू मारणं, हाच परवडणारा हिशेब.

मारायची रीत: चपड्याचा सीलर पूर्ण वाळल्यावर तीन ते चार पातळ हात, मध्ये ८०० नंबरने नुसती चमक मारायची. हवेत ओल जास्त असेल तर हार्डनर पाण्याशी भिडतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात. हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, कापडी मास्क फुकट आहे, कार्ट्रिजचा लागतो. आठवडाभर थांबून १५००, मग २००० नंबर पाण्याने, शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. व्यास ०.१५ मिमीच्या आसपास वाढतो, कॉलरशी जुळवताना तो धरून चाला.

सुपरग्लू फिनिश म्हणून चकचकीत खरा, पण काचेसारखा ठिसूळ. क्यू टेबलाच्या कडेला आपटला की चांदणीसारखी भेग पडते. खड्डे भरायला उत्तम: मध्यम घट्ट ग्लूचा एक थेंब, चोवीस तास, मग ब्लेडच्या दोन्ही टोकांना सेलोटेप चिकटवून मधल्या उघड्या धारेने फक्त उंचवटा खरवडायचा. सुटलेल्या व्हेनियरच्या फटीत पातळ ग्लू सोडण्याआधी आजूबाजूच्या मेपलला चपड्याचा एक हात द्या, नाहीतर ग्लू रेषेतून पसरून कायमचा ओला डाग दिसतो. फट मोठी असेल तर ग्लू नकोच. पांढरा फेविकॉल थोडा पातळ करून ब्लेडच्या टोकाने आत ढकला आणि सायकलच्या ट्यूबची २० मिमी रुंद पट्टी ताणून घट्ट गुंडाळा. रात्रभरात बसतं.

खरवडूनही रंग मिळाला नाही तर परत रंगवायचं. पॉलिशच्या दुकानात स्पिरिटमध्ये घालायची रंगाची पूड मिळते. भडक दिसते, उन्हात पहिली तीच उडते आणि पसरतेही. त्यापेक्षा चित्रकलेच्या दुकानातली पिगमेंटची अ‍ॅक्रेलिक शाई घ्या. निळ्या-हिरव्यासाठी थॅलो ब्लू आणि थॅलो ग्रीन, दोन्ही उन्हाला फार टिकाऊ. काळ्यासाठी कार्बनची इंडिया इंक. पूर्ण फोरआर्मला पातळ चपडा देऊन वाळवायचा, मग ३/० नंबरच्या ब्रशने, भिंगाखाली, एका वेळी एकच पट्टा. बाहेर गेलेला रंग ओल्या कानकाडीने लगेच पुसला जातो, कारण खाली सील आहे. शाई नेहमी रॅपखालच्या नमुन्यापेक्षा अर्धी छटा फिकी ठेवा. वर पारदर्शक थर आला की ती गडद दिसते.

राहिला लेथ, घासताना-फवारताना क्यू फिरवत ठेवायला. वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या जॉबवर्कवाल्यांकडे मशीन चांगली आहेत, पण त्यांची सवय लोखंडाची. टू-पीस क्यूचा बट ७३७ मिमी लांब, त्यामुळे हेडस्टॉकच्या (लेथच्या फिरणाऱ्या डोक्याच्या) भोकातून ३२ मिमीचा बट आरपार जातो का हे आधी विचारा. जॉज (पकडीचे लोखंडी दात) थेट लाकडावर आवळू देऊ नका, नायलॉनची चिरलेली बुश (नळी) घालायला लावा. वेग ३०० आरपीएमच्या आत. आणि कारागीर ‘जरा खरं करून देतो’ म्हणाला की मशीन बंद करायला सांगा. जुना क्यू थोडा वाकडा असतोच. टूल लावून तो गोल केला की उंच बाजूचं लाकूड जातं आणि पॉइंट वरखाली होतात. काम एकच द्या: फिरवायचं, कापायचं नाही. घासणं आणि फवारणी आपली आपण. हे मान्य नसेल तर हाताने फिरवूनही होतं, वेळ चौपट लागतो एवढंच.

नवं लिनन शेवटी, पीयू मारून आठवडा झाल्यावर. त्याआधी गुंडाळलं तर रॅपच्या कडेचा अर्धा-ओला थर दोऱ्याखाली दबतो आणि तिथे कायमची कड उठते. फवारण्याआधी रॅपच्या खोबणीत मास्किंग टेप लावायचीच. खोबणीत पीयू साचला तर लिनन लाकडाच्या पातळीच्या वर उठतं आणि हाताला टोचतं.